धसका आणि घोर : दूरस्थाच्या दुःखाची साहित्यमीमांसा

१

मराठी समीक्षेत अनुभवाच्या अस्सलपणाला जे स्थान आहे, ते अन्य साहित्यमूल्यांना क्वचितच लाभले आहे. नवकथेच्या चर्चेपासून दलित आत्मकथनांच्या मीमांसेपर्यंत, लेखकाने जे भोगले तेच त्याने लिहिले काय, हा प्रश्न या ना त्या रूपात विचारला गेला. सोलापूर जिल्ह्यातील हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आणि पुढे त्यांचाच ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) हा ग्रंथ यांनी या प्रश्नाला नैतिक धार दिली. भोगणारा आणि पाहणारा, स्वानुभूती आणि सहानुभूती अशी विभागणी त्यातून अधिक ठळक झाली. ही विभागणी आवश्यकच होती. ज्यांच्या वतीने पिढ्यान्‌पिढ्या इतरांनी बोलावे अशी रीत होती, त्यांना आपला शब्द आपल्या हाती घ्यावयाचा होता.

परंतु या विभागणीत एक माणूस कोठेच बसत नाही. त्याचे घर कोसळले तेव्हा तो त्या घरात नव्हता. त्याच्या अंगावर माती पडली नाही, म्हणून तो भोगणारा ठरत नाही; आणि ढिगाऱ्याखाली त्याचीच आई आहे, म्हणून त्याला नुसता पाहणाराही म्हणता येत नाही. बहुतेक वेळा तर त्याने काही पाहिलेलेच नसते. त्याने ऐकलेले असते. अशा माणसाच्या दुःखाला मराठीत शब्द आहेत, लोकगीतांत त्याला घाट आहे. समीक्षेने मात्र त्याचा स्वतंत्र कोटी म्हणून विचार केलेला नाही. सोलापूर शहराने १९९३ मध्ये जे ऐकले आणि हैतीच्या स्थलांतरितांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क, मायामी, माँट्रियल येथे जे ऐकले, ते एकमेकांशेजारी ठेवले असता या उणिवेचे स्वरूप स्पष्ट होते.

२

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे कोसळली. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा होता. गणपती बोळवून माणसे उशिरा निजली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ ही नावे एका सकाळीत सर्वतोमुखी झाली. सरकारी नोंदीत मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली.

सोलापूर या क्षेत्रापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. १९४८ पर्यंत उमरगा, लोहारा, औसा हा भाग निजामाच्या राज्यात आणि सोलापूर मुंबई इलाख्यात होते. पण सोयरीक, बाजार आणि पोटापाण्याचा उद्योग यांनी ती सीमा कधीच फारशी मानली नव्हती. गिरण्या, माग आणि विडीकाम यांच्या ओढीने तेलंगणातून, कर्नाटकाच्या सीमेवरून आणि मराठवाड्यातून माणसे या शहरात आली. तिकडच्या लेकी इकडे नांदावयास आल्या. म्हणून त्या पहाटे सोलापुरात जो हादरा जाणवला तो या माणसांच्या दृष्टीने विलक्षण ठरला. हादरा तोच होता. येथे तो भांडी वाजवून गेला आणि तेथे त्याने गाव नेले.

त्यानंतर शहरात दोन प्रकारची दुखावलेली माणसे होती. शासकीय रुग्णालयात आणलेल्या जखमींची मोजदाद होऊ शकत होती. दुसरा वर्ग कोणत्याच यादीत नव्हता. मदत आणि पुनर्वसन यांचा हिशेब गावाचा आणि घराचा असतो. सोलापुरातल्या चाळीत राहणारी माहेरवाशीण त्या हिशेबात येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपानंतर मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला आणि पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात प्रमुख वाटा होता, ही भारतीय मानसोपचाराच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय. अशा अभ्यासांचे क्षेत्र मात्र साहजिकच आपत्तिग्रस्त गावे हे असते. दुःख गाव सोडून किती दूर जाते, हे मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नसते.

लेखनाचेही पुष्कळसे असेच झाले. अतुल देऊळगावकर यांच्या ‘डळमळले भूमंडळ’ सारख्या पुस्तकाने भूकंप आणि त्यानंतरचा व्यवहार मराठी वाचकापुढे आणला. वार्ताहर, स्वयंसेवक, अधिकारी यांच्या लेखनाचा रोख तेथे जाऊन काय पाहिले, याकडे होता. तो रास्तही होता. पण तेथे जाऊन पाहणारा आणि येथे बसून ऐकणारा यांच्या निवेदनाचे व्याकरण एक नसते.

३

पाश्चात्त्य मानसोपचाराने या दूरस्थ माणसाकडे हळूहळू पाहिले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर तणावविकृतीला १९८० मध्ये स्थान मिळाले. १९९० मध्ये लिसा मॅकॅन आणि लॉरी ॲन पर्लमन यांनी परोक्ष आघाताची कल्पना मांडली, ती प्रामुख्याने इतरांची दुःखे ऐकणाऱ्या उपचारकांच्या संदर्भात. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने जवळच्या आप्तावर किंवा मित्रावर ओढवलेल्या हिंसक वा अपघाती प्रसंगाची वार्ता कळणे हेही आघाताचे कारण मानले; मात्र कामाचा भाग म्हणून पाहावे लागले नसेल, तर पडद्यावर पाहिलेल्या दृश्यांना त्यातून वगळले. म्हणजे शास्त्राने एक रेषा आखली : नाते असेल तर वार्ता चालेल, नाते नसेल तर दृश्यही चालणार नाही.

ही रेषा व्यवहारात सोयीची असली तरी ती नात्याची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरते. गावकी आणि भावकी ज्या समाजात एकमेकींत मिसळलेल्या असतात तेथे ‘जवळचा आप्त’ कोठे संपतो? वेशीवरचा पार आणि गल्लीतली मावशी यांचा समावेश कशात करावयाचा? हैतीच्या स्थलांतरितांनाही हाच प्रश्न पडतो. त्यांच्या मायदेशाचे नऊ प्रशासकीय विभाग असताना परदेशस्थ हैतियन समाजाला ‘दहावा विभाग’ म्हटले जाई. परदेशस्थांसाठी वापरला जाणारा ‘दियास्पोरा’ हा शब्द त्यांच्या क्रेओल भाषेत अभिमानाने उच्चारला जातो, तसाच ‘तू बोलू नकोस, तू येथे नव्हतास’ अशा टोमण्यासारखाही वापरला जातो. विभाग म्हणून गणना आणि बोलण्यास मज्जाव, या दोन्हींमध्ये हा माणूस उभा आहे.

क्रेओलमध्ये ‘सेझिस्माँ’ असा शब्द आहे. वाईट वार्ता अकस्मात कानी पडल्याने माणसाला जे धरते, त्याचे हे नाव. रक्त डोक्यात चढते, दृष्टी अंधारते, अंगावर पाजणाऱ्या बाईचे दूध बिघडते, अशी त्यामागची लोकधारणा आहे. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटू नये; त्याच्याकडे ‘धसका’ आहे. धसका घेतला जातो, तो बसतो, आणि माणूस धसक्याने जातोही. घटनेच्या जागी हजर असण्याची अट या शब्दात नाही. उलट धसका बहुधा ऐकूनच बसतो. क्रेओलमधील ‘रेफ्लेशी त्वोप’, म्हणजे अतोनात विचार करीत राहणे, याच्या शेजारी मराठीतला ‘घोर’ ठेवता येतो. धसका एका क्षणाचा असतो, घोर मुदतीवाचून लागतो. हाय खाणे, जीव थाऱ्यावर नसणे, घोर लागणे या बोलींना केवळ वाक्प्रचार समजून कोशात टाकणे म्हणजे एका समाजाने शतकानुशतके केलेले निदान दुर्लक्षिणे होय.

या दोन शब्दांतील भेद समीक्षेच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे. कॅथी कॅरूथ यांच्या १९९६ च्या प्रसिद्ध मांडणीत आघात म्हणजे घडताना पूर्णपणे न कळलेली आणि नंतर पुनःपुन्हा परत येणारी घटना. हे धसक्याचे तत्त्वज्ञान आहे. परंतु हैतीच्या परदेशस्थाला एकच घटना आठवावयाची नाही. १२ जानेवारी २०१० चा भूकंप, ७ जुलै २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची हत्या, त्याच वर्षी १४ ऑगस्टला दक्षिण भागातला दुसरा भूकंप आणि त्यानंतर वाढत गेलेले टोळ्यांचे राज्य, या मालिकेत ‘आघातोत्तर’ असा काळच येत नाही. फोन वाजला की जीव दचकतो, ही अवस्था स्मृतीची मानावी की प्रतीक्षेची? घोर हा शब्द येथे अधिक नेमका ठरतो, कारण त्याचे तोंड मागे तसेच पुढेही आहे.

४

भारतीय काव्यशास्त्राने या माणसाला कोठे ठेवले असते? साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार शोकाचा करुण होण्यासाठी भावाला व्यक्तिगत संबंधापासून मोकळे व्हावे लागते. हे दुःख माझे, हे शत्रूचे, हे परक्याचे अशा जाणिवा गळून पडल्या तरच आस्वाद संभवतो. अभिनवगुप्ताने रसविघ्नांत स्वतःच्याच सुखदुःखांत गुंतून पडणे याची गणना केली आहे. या दृष्टीने पाहता वार्ता ऐकणारा आप्त सहृदय होऊ शकत नाही. त्याला अजून शोकच आहे.

परंतु त्याच्या स्थितीत एक विपरीतता आहे. रसव्यवहाराला हवे असलेले अंतर त्याच्याजवळ स्थळाच्या रूपाने भरपूर आहे, मनाच्या रूपाने मुळीच नाही. तो सुरक्षित आहे आणि ही सुरक्षितताच त्याला खुपते. प्रत्यक्ष भोगणाऱ्याला जगण्याची धडपड करावी लागते. ढिगारा उपसावा लागतो, पाणी आणावे लागते. दूरस्थाचे हात रिकामे असतात. त्यामुळे त्याच्या दुःखात अपराधभाव मिसळतो आणि तो अपराधभाव दोन दिशांनी लेखनाला बिघडवतो. एक तर माणूस मुका होतो : मला काय अधिकार? नाही तर तो दुसऱ्याचे दुःख आपलेच म्हणून मिरवू लागतो. डॉमिनिक लाकाप्रा यांनी सहानुभूतीत अस्वस्थता शिल्लक राहिली पाहिजे, दुसऱ्याची जागा बळकावली जाता कामा नये, असे म्हटले ते याच धोक्याला उद्देशून. दूरस्थाच्या साहित्याचा खरा प्रश्न हा आहे की, मुकेपणा आणि बळकावणे यांच्यामध्ये बोलण्याची वाट कोणती?

५

एडविज दान्तिका यांचे लेखन या प्रश्नाचे सर्वात चिकाटीने दिलेले उत्तर आहे. १९६९ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्स येथे जन्मलेल्या दान्तिका बाराव्या वर्षी न्यूयॉर्कला आईवडिलांकडे गेल्या. ‘क्रिक? क्रॅक!’ (१९९५) मधील पहिल्याच कथेत होडीतून पळणारा तरुण आणि मागे राहिलेली तरुणी एकमेकांना पत्रे लिहितात; ती कोणालाच मिळत नाहीत. शेवटी तरुणीच्या हाती येते ती एक होडी बुडाल्याची रेडिओवरील बातमी. त्या होडीत तो होता की नव्हता, याची निश्चिती कथा देत नाही. वाचकाला मात्र पत्रे मिळालेली असतात. पोहोचणे आणि न पोहोचणे यांतली ही फट हेच कथेचे आशयद्रव्य आहे.

‘ब्रदर, आय ॲम डाइंग’ (२००७) मध्ये हे तत्त्व अधिक कठोरपणे पाळले आहे. लेखिकेचे काका जोसेफ २००४ मध्ये मायामीतील स्थलांतरितांच्या बंदिवासात असताना वारले. लेखिका त्याच शहरात राहत होती. येथे अंतर समुद्राचे नाही, भिंतीचे आहे; आणि ते अधिक असह्य आहे. दान्तिका त्या खोलीत शिरण्याचे नाटक करीत नाहीत. सरकारी कागद, इतरांच्या साक्षी, दूरध्वनीवरील तुटक संभाषणे यांवरून त्या घटना जुळवतात आणि जुळवल्याचे दिसू देतात.

‘द ड्यू ब्रेकर’ (२००४) या प्रश्नाची वेगळी बाजू पुढे आणते. ब्रुकलिनमधली एक शिल्पकार मुलगी आपला बाप हैतीतल्या तुरुंगात छळला गेला, या समजुतीवर वाढली आहे. तिने त्याचा पुतळा घडवला तोही त्या दुःखाचाच. बाप तो पुतळा पाण्यात टाकतो आणि सांगतो की तो कैदी नव्हता, छळणारा होता. परोक्ष आघाताच्या सिद्धान्ताला हा मोठा धक्का आहे. मुलीचे दुःख खोटे नव्हते. ते ज्या कथेवर उभे होते ती खोटी होती. दूरस्थाचा संबंध घटनेशी नसून सांगण्याशी असतो, म्हणून सांगणारा बदलला की दुःखाचा अर्थ बदलतो. मॅरिअन हर्श यांची उत्तरस्मृतीची कल्पना पुढच्या पिढीकडे स्मृती कशी संक्रमित होते हे सांगते. दान्तिका विचारतात की संक्रमित झालेली स्मृती कोणी घडवली होती?

याविरुद्ध एक आक्षेप घेता येईल. ‘द फार्मिंग ऑफ बोन्स’ (१९९८) मध्ये दान्तिका यांनी १९३७ च्या डोमिनिकन हत्याकांडातून वाचलेल्या स्त्रीच्या मुखाने प्रथमपुरुषी निवेदन केले आहे. ही तर साक्षीदाराची जागा घेणे झाले. आक्षेपात तथ्य आहे. परंतु ती कादंबरी हत्याकांडापाशी थांबत नाही. जगलेली माणसे आपली हकीकत सांगावयास अधिकाऱ्यापुढे रांगा लावतात, आणि त्यांतील कित्येकांचे ऐकून घेतलेच जात नाही. प्रत्यक्ष भोगणाऱ्यालाही श्रोता मिळत नाही, हे कळल्यावर लेखिकेने घेतलेली जागा साक्षीदाराची न राहता उशिरा आलेल्या श्रोत्याची होते.

२०१० च्या भूकंपानंतरचे दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. माँट्रियलवासी डॅनी लाफेरिएर त्या दिवशी योगायोगाने पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये होते. त्यांचे पुस्तक लहान लहान दृश्यांचे आहे. पाहिलेले लगेच टिपलेले. दान्तिका मायामीत होत्या. भूकंपात त्यांचा चुलतभाऊ मॅक्सो गेला. ‘क्रिएट डेंजरसली’ (२०१०) मधील त्याविषयीचे लेखन वार्ता, प्रतीक्षा आणि उशिरा झालेली भेट यांचे आहे. लाफेरिएर यांना दृश्य मिळाले, दान्तिका यांना अंतर मिळाले. दोघांनीही आपल्याला मिळाले त्याहून अधिक घेतले नाही, हे त्यांच्या सचोटीचे लक्षण होय.

६

मराठी परंपरेत ही सचोटी फार पूर्वीपासून जात्यावर होती. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये आणि पुढे हेमा राइरकर व गी पॉइतवाँ यांनी आपल्या प्रचंड संकलनात ज्या ओव्या जमविल्या, त्यांतील मोठा भाग सासुरवाशिणीचा आहे. सासुरवाशीण ही मराठी समाजातली आद्य स्थलांतरित. माहेरी काय चालले आहे हे तिला दिसत नाही. ती सांगाव्याची वाट पाहते. उचकी, कावळा, स्वप्न, वाटेने येणारा वाटसरू हे तिचे वार्ताहर. माहेरच्या दुःखाचे वर्णन करण्याचा दावा ती करीत नाही. ती आपल्या वाट पाहण्याचे वर्णन करते. म्हणून तिला अधिकार कोणी विचारीत नाही. ती जेथे उभी आहे, त्या जागेविषयीच ती बोलते आहे.

या दृष्टीने किल्लारीनंतरच्या पुनर्वसनाला एक वाङ्मयीन बाजूही आहे. ओवीतले माहेर खुणांचे असते : वेस, पार, आड, वाड्याचा चौक. नव्या गावठाणात सरळ रस्ते आणि ओळीने घरे आली. माणसे वाचली, गाव राहिला, पण ओवीला धरून राहण्याच्या खुणा गेल्या. सोलापुरात नांदणाऱ्या लेकीला पहिला धसका वार्तेने बसला. दुसरा, अधिक संथ आघात नव्या गावाने केला. माहेरी जाऊनही माहेर न भेटण्याच्या या अनुभवाला जुनी ओवी अपुरी पडते आणि नव्या कादंबरीला तो अद्याप पुरेसा दिसलेला नाही.

७

सोलापूरला दूरस्थ दुःखाची एक सार्वजनिक परंपराही आहे. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले, ते पुण्याच्या येरवडा तुरुंगात. शहराने ते पाहिले नाही, ऐकले. ‘क्रिएट डेंजरसली’चा आरंभ १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये झालेल्या दोन तरुणांच्या वधाने होतो, हुकूमशहा दुव्हालिए याने तो शाळकरी मुलांना आणवून जाहीरपणे दाखविला. एका सत्तेने भिंतीआड मारले, दुसरीने चव्हाट्यावर. पाहावयास लावणे आणि पाहू न देणे, ही दोन्ही दहशतीचीच साधने आहेत. सोलापूरने जे पाहू दिले गेले नाही त्याला चौकात पुतळ्यांचे रूप दिले आणि ‘चार हुतात्मे’ हे शहराच्या बोलण्यातले नाव केले. न पाहिलेल्या दुःखावर समाजाचा हक्क असू शकतो, याचा हा पुरावा आहे. वीरमरणाला मिळालेला हा हक्क मातीखाली निजलेल्या सामान्य माणसांच्या दूरच्या आप्तांना मिळू नये, याचे कारण त्यांच्या दुःखाच्या उणेपणात नाही. वीराच्या वार्तेला सभा मिळते, लेकीच्या धसक्याला घराचा कोपरा.

या विवेचनातून समीक्षेपुरता एक निकष हाती येतो. दूरस्थाच्या लेखनाला ‘तू तेथे होतास काय’ असे विचारू नये. ‘तू काय ऐकलेस, कोणाकडून ऐकलेस आणि ऐकताना कोठे होतास’ असे विचारावे. जे लेखन ऐकण्याच्या जागेवरून हलून घटनेच्या मध्यभागी जाऊन बसते, ते कितीही हेलावणारे असले तरी उसने आहे. जे आपली जागा, आपले रिकामे हात आणि आपल्यापर्यंत न पोहोचलेले तपशील मान्य करते, ते अस्सल आहे. येथे अस्सलपणाचे मूल्य सोडलेले नाही. त्याची जागा तेवढी बदलली आहे. स्वानुभूतीचा आग्रह धरणाऱ्या दलित समीक्षेशीही या निकषाचा विरोध येत नाही, कारण परक्याने वतीने बोलण्याला जी मनाई तिने केली ती येथेही कायम आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाही. ज्या दुःखाला बोलण्याचा अधिकार नाही त्याला उपचाराचाही अधिकार मिळत नाही. ‘तुमच्या घरी तर काही झाले नाही’ या एका वाक्याने धसका घेतलेल्या माणसाला दवाखान्याच्या दारातून परत पाठविता येते. भूकंपाच्या वेळी सोलापुरात तिशी-चाळिशीत असलेल्या लेकी आज साठी-सत्तरीच्या आहेत. त्यांनी काय पाहिले हे विचारून काहीच हाती लागणार नाही. त्यांनी त्या दिवशी काय ऐकले, कोणाच्या तोंडून ऐकले, आणि मग किती दिवस कोणाची वाट पाहिली, हे विचारणारा श्रोता साहित्याने आणि समीक्षेने त्यांच्यासाठी तयार ठेवला पाहिजे.